एक अब्ज ओहम

कास्त्रोत जूनमध्ये काहीच वाळत नाही.
मोजे स्टोव्हच्या दांडीवर तीन दिवस,
फोडलेलं लाकूड छपराखाली तीन महिने,
आणि माझा मायक्रोफोन, ज्यात भिजण्यासारखं काही नाही,
तोही ओला वाजतो:
तापल्या तेलात ओला मासा सोडावा तशी तडतड,
मग गप्प,
मग पुन्हा.

नळी बाबांनी दिली, बोटीच्या इंजिनाची, पितळी.
जाळी चहाच्या गाळणीची.
पडदा तेवढा सान्तियागोहून मागवलेला,
सोन्याचा मुलामा, इतका पातळ
की डबी उघडताना मी श्वास धरला होता.

पहिला आठवडा मी गुणगुणीला दोष दिला.
अर्थिंगची तार दोनदा काढली, दोनदा जोडली.
शेजारच्या रोसाल्बाचा फ्रीज बंद करायला लावला.
तिचे शिंपले गेले. गुणगुण राहिली.
तिची माझी बोलाचाल अजून बंद आहे.

मग एका रात्री तो स्टोव्हपाशी विसरले.
सकाळी स्वच्छ. काचेसारखा.
खिडकीपाशी नेला,
दहा मिनिटांत पुन्हा मासा, पुन्हा तेल.
तेव्हा कुठे भिंग घेतलं:
एक अब्ज ओहमचा रोध,
आणि त्याच्या अगदी बाजूला, बोर्डावर,
राळेचा पिवळट ओघळ
आणि माझाच अंगठा.
केवढ्या मोठ्या दाराला कुलूप लावून
मी मागची फट उघडी ठेवली होती.

अल्कोहोल. दातांचा जुना ब्रश.
मग पडद्याची तार, रोधाचा पाय, ट्रान्झिस्टरचं गेट
तिघांना बोर्डावरून उचललं,
अधांतरी एकमेकांना डाक दिला.
आता त्यांचा कशालाच स्पर्श नाही.
हवेइतकं कोरडं, इतकं परकं
या घरात दुसरं काही नव्हतं.

तडतड गेली.
आवाज मात्र पलीकडच्या खोलीतून यावा तसा.

मीटर लावला. साठ व्होल्ट हवेत,
दिसतो जेमतेम अर्धा.
चार दिवस मी तो पुरवठा दुरुस्त करत बसले
जो बिघडलाच नव्हता.
पीत होता तो मीटर.
टोकं टेकवली की अर्धा,
उचलली की साठ,
पण तेव्हा बघायला कुणी नसतं.

(बाबा, आज कसं वाटतंय?
बरं.
रात्री झोप लागली?
हो.)

खरी चूक पुढे सापडली, लाजिरवाणी:
गुणगुणीच्या धास्तीने मी त्या बोटभर तारेला
जाळीदार आवरण घातलं होतं, घट्ट, नीट,
आणि निम्मा आवाज त्या आवरणातच जिरत होता.
सोललं. तार नखाएवढी ठेवली.
सुई उडालीच.

बाबांकडून मला बोटीची नावं हवी होती,
कण्याची, फासळ्यांची, फळ्यांच्या सांध्यात ठोकायच्या सालीची.
एलेउतेरियो बार्रिया, बोट-सुतार, वय एकोणऐंशी.
मी समोर बसले, वही उघडली, विचारलं.
“ते सगळं तुला माहीत आहे,” ते म्हणाले,
आणि चष्मा पुसू लागले.

मायक्रोफोन टेबलावर तसाच राहिला.
मी मागे बटाटे सोलायला गेले, खरोखरच बटाटे होते.
परत आले तर चाळीस मिनिटं भरलेली.
बाबा मांजरीला सांगत होते,
शहाऐंशी साली केमचीत कुणी ओल्या लाकडाची बोट बांधली,
सांधा कसा उघडला, कुठल्या बाजूने,
आणि तो कुणी भरला नव्हता.
तिथे थोडा वेळ काही नाही.
मग तिला एकेक नाव, सावकाश, कण्यापासून.

मांजर काही विचारत नाही.
तिचा रोध मोजायला माझ्याकडे मीटर नाही.

डबीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं:
हात न लावता जोडणे. तार आखूड.
पातळी पुरेशी.
शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, तो काढू नये.